माझोंडींचा खुणेचा शब्द

१५ सप्टेंबर २०१३, रविवार. तीन हजार सहाशे रँड.

एडेंडेलमधल्या अठरा बायकांच्या भिशीने त्या दिवशी चर्च सुटल्यावर भरलेल्या बैठकीत ही रक्कम मंजूर केली. माणशी दोनशे. खजिनदार माझोंडी यांच्या घराला चोरांचा अलार्म बसवायचा, भिशीने एवढे द्यायचे आणि वरचा खर्च माझोंडींनी सोसायचा, असे ठरले. भिशीचे सामान त्यांच्या गराजमध्ये वर्षातले तीन दिवस राहते, उरलेले तीनशे बासष्ट दिवस अलार्म त्यांचाच, हा हिशेब भिशीतल्याच मागुमेडे यांनी मांडला होता. हिशेब बरोबर होता, म्हणून माझोंडींनी तो मान्य केला.

त्यांचे कागदोपत्री नाव बाजाबुलिले न्गोंगोमा. न्गोंगोमा हे नवऱ्याचे आडनाव. पण इथल्या रीतीप्रमाणे बाई लग्न होऊन आली तरी माहेरच्या कुळाचीच राहते. झोंडींची लेक म्हणून त्या माझोंडी. जास्त आदराने बोलायचे असेल तर कुळातल्या पूर्वजाच्या नावाने हाक मारायची. त्यामुळे पावाच्या दुकानापासून टपाल कचेरीपर्यंत त्यांना "कशा आहात, नोंडाबा?" असे विचारले जाई, आणि त्या "आहे, आहे" म्हणून पुढे जात. बाजाबुलिले म्हणणारे आता फारसे कोणी उरले नव्हते.

वय बासष्ट. सत्तावीस वर्षे त्यांनी शाळेच्या कचेरीत फीच्या पावत्या फाडल्या. त्या काळात एकही पावती खाडाखोड केलेली निघाली नाही, असे मुख्याध्यापक म्बाथा यांनी निरोपाच्या सभेत सांगितले होते. नवरा बुटांच्या कारखान्यात होता, तो १९९९ मध्ये वारला. त्याची डॅटसन गाडी विकली गेली, गराज रिकामे राहिले. दोन मुली, दोघी दूरगावी नोकरीला. रिकामे गराज आणि स्वच्छ पावत्या, या दोन कारणांनी भिशीचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले आणि चौदा वर्षे त्यांच्याकडेच राहिले.

भिशीची रीत साधी होती. जानेवारी ते ऑक्टोबर दरमहा तीनशे रँड, म्हणजे माणशी तीन हजार, एकूण चोपन्न हजार. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी घाऊक दुकानातून सामान येई: मक्याचे पीठ, गव्हाचे पीठ, तांदूळ, साखर, तेल, घेवडा, माशांचे डबे, चहा, साबणाची पूड. रविवारी दुपारी वाटप. डिसेंबरात जोहान्सबर्गहून मुलेनातवंडे घरी येत, तेव्हा कोणाच्याही घरात पिठाचा डबा रिकामा नसे.

शुक्रवार ते रविवार बायका पाळीपाळीने गराजमध्ये बसून राखण करीत. चार खुर्च्या, चार कांबळी, चहाचा थर्मास. चौदा वर्षांत एक काडेपेटीसुद्धा गेली नव्हती. पण गेल्या डिसेंबरात शेजारच्या इम्बालीमध्ये एका भिशीचे सगळे सामान गेले. राखणीला बसलेल्या दोघींना न्हाणीघरात कोंडून चोरांनी गराज झाडून नेले. तिथली खजिनदार बाई जानेवारीत घराला कुलूप लावून डर्बनला बहिणीकडे निघून गेली. तिने चोरी केली असे कोणी म्हणाले नाही. केली नाही, असेही कोणी म्हणाले नाही.

"मी काही यंदा बसायची नाही," माचेले बैठकीत म्हणाल्या. "एक तर माझे गुडघे. त्यात कोणी पिस्तूल दाखवलं तर मी पळू कशी?"

"तू पिस्तूल नसतानाही पळत नाहीस," मागुमेडे म्हणाल्या.

"हस बाई, हस. तुला कोंडलं की न्हाणीघराचं दार लागणार नाही, एवढी तू रुंद."

यावर बरेच हसणे झाले आणि नंतर तीन हजार सहाशे मंजूर झाले.

माझोंडींनी कामाला शाळेच्या पद्धतीने सुरुवात केली. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, एका कागदावर तीन रकाने आखायचे, मग ठरवायचे.

पहिला आला तो शहरातल्या मोठ्या कंपनीचा माणूस, फान वेक. त्याने बूट पुसले, खोल्या पाहिल्या, कॉफी घेतली आणि सांगितले की बसवण्याचा खर्च शून्य.

"शून्य म्हणजे?"

"फुकट. तुम्ही फक्त महिन्याचे चारशे पासष्ट द्यायचे. अलार्म वाजला की आमची बंदुकवाली गाडी येणार."

"किती महिने?"

"करार छत्तीस महिन्यांचा."

माझोंडींनी कागदावर गुणाकार केला. "म्हणजे सोळा हजार सातशे चाळीस. आणि मधे सोडायचं म्हटलं तर?"

"तर उरलेले हप्ते भरायचे."

"मग यात फुकट काय आहे?"

फान वेक यांनी कॉफीचे आभार मानले.

दुसरा न्जाबुलो, त्याच रस्त्याच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने घरात पाऊलही न टाकता भाव सांगितला. "एकोणीसशे, नोंडाबा. एक भोंगा, दोन डोळे. महिन्याला काही नाही."

"भोंगा वाजला की कोण येणार?"

"शेजारी येतील की."

"शेजारी नसले तर?"

"मग मी येईन."

"तू शनिवारी शुद्धीत असतोस का रे?"

न्जाबुलो प्रामाणिक होता. "सकाळी असतो," म्हणाला.

तिसरे देवन मूनसामी. नॉर्थडेलला राहणारे, बावीस वर्षे हाच धंदा. त्यांची कंपनी लहान होती. बंदुकवाल्या गाड्या तीन, कंट्रोल रूम एक. ते आले आणि घरात न येता आधी घराभोवती फिरले. प्रत्येक खिडकी बाहेरून ढकलून पाहिली, मग दारात उभे राहून विचारले, "मा, किल्ली हरवली तर तुम्ही घरात कशा शिरता?"

माझोंडींनी जरा विचार करून स्वयंपाकघराची खिडकी दाखवली. तिची कडी वर ओढून बाजूला सरकवली की निघत असे.

"मग चोरही इथूनच येणार," असे म्हणून त्यांनी वहीत पहिली नोंद केली.

घर पाहून झाल्यावर त्यांनी भाव काढला. मुख्य पेटी बॅटरीसह चौदाशे पन्नास. खोल्यांच्या कोपऱ्यांत माणसाची ऊब ओळखणारे सहा डोळे, प्रत्येकी तीनशे नव्वद. दारांना दोन चुंबके, पंचाण्णवप्रमाणे. भोंगा साडेतीनशे, आकड्यांची पाटी चारशे ऐंशी, कंट्रोल रूमला बातमी देणारा रेडिओ साडेआठशे, मजुरी तीनशे सत्तर. एकूण सहा हजार तीस. शिवाय महिन्याला दोनशे साठ, आणि करार महिन्या-महिन्याचा. नको वाटले की बंद.

माझोंडींनी यादी दोनदा वाचली. "न्हाणीघरात डोळा कशाला? ती खिडकी ताटाएवढी आहे."

"लहान पोरं आत सोडतात, मा."

"ताटातून कोणतं पोर जातं? आणि आंघोळ करताना कोपऱ्यातून कोणी बघतंय, हे मला चालायचं नाही."

"तो बघत नाही हो, त्याला फक्त ऊब कळते."

"तेवढंही नको."

सहावा डोळा गेला. पाच हजार सहाशे चाळीस. तीन वर्षांचे महिने धरून बरोबर पंधरा हजार. मोठ्या कंपनीपेक्षा एक हजार सातशे चाळीस कमी, आणि पाय अडकलेला नाही. भिशीचे तीन हजार सहाशे वजा जाता माझोंडींना दोन हजार चाळीस घालावे लागले. २ ऑक्टोबरला त्यांनी सही केली.

करारात दोन रकाने त्यांनी स्वतः भरायचे होते. पहिला फोन नंबरांचा: अलार्म वाजला की कंट्रोल रूमने कोणाला विचारायचे. माझोंडींनी पहिला नंबर घरातल्या, गराजच्या आतल्या दाराशेजारच्या फोनचा दिला, कारण मोबाइल त्या चर्चमध्ये आणि मयतीला बंद ठेवत, आणि बंद फोनचा नंबर वर लिहिणे त्यांना चुकीचे वाटले. दुसरा मोबाइलचा, तिसरा मागुमेडेंचा.

दुसरा रकाना खुणेच्या शब्दाचा.

"फोनवर आमची मुलगी हा शब्द विचारते," मूनसामी म्हणाले. "शब्द बरोबर आला तर सगळं ठीक, गाडी परत. चुकला तर गाडी पोचतेच. म्हणून तुमचं नाव नको, जन्मतारीख नको, कुत्र्याचं नाव नको. पण घाबरलेल्या वेळीही आठवला पाहिजे. लोक विसरतात."

माझोंडींनी पेन हातात धरून ठेवले. नाव नको. तारीख नको. कुत्रा नव्हताच. घाबरलेल्या वेळी माणूस काय विसरत नाही? त्यांना नवरा गेला ती दुपार आठवली. त्या दुपारी त्यांना स्वतःच्या मुलींची नावे चटकन सुचली नव्हती. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून "नोंडाबा, नोंडाबा" म्हणत होते, आणि तेवढेच त्यांना ऐकू येत होते.

त्यांनी रकान्यात लिहिले: नोंडाबा.

मूनसामींनी ते वाचले. करार श्रीमती बी. न्गोंगोमा यांच्या नावे होता. त्यात नोंडाबा कुठेच नव्हते. "छान," ते म्हणाले. "कोणाला सुचणार नाही असं आहे."

७ ऑक्टोबरला अलार्म बसला. फाटकावर कंपनीची पिवळी पाटी लागली. पहिल्या महिन्यात तो तीनदा वाजला, दोनदा पालीमुळे आणि एकदा वीज जाऊन आली म्हणून. तिन्ही वेळा फोन आला, माझोंडींनी शब्द सांगितला, पलीकडून "धन्यवाद, मा" झाले. समोरच्या घरातले म्हातारे न्गुबाने अंगणात खुर्ची टाकून बसत. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी मानही वळवली नाही.

२९ नोव्हेंबरच्या शुक्रवारी दुकानाचा पांढरा पिकअप तीन खेपा करून सामान टाकून गेला. अठरा ढीग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. माझोंडींनी यादीवर खुणा केल्या आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच गराजमध्ये खुर्च्या मांडल्या नाहीत.

शनिवारी म्बाथा सरांची मयत होती. सकाळी आठपासून प्रार्थना, मग भाषणे, मग दफन, मग जेवण. म्हातारे न्गुबाने सोडले तर सगळा रस्ता जाणार होता. ज्यांना सरांनी छडी मारली तेही. शाळेच्या कचेरीच्या वतीने माझोंडींना दोन शब्द बोलायचे होते. साडेसातला त्यांनी पाटीवर आकडे दाबले, भोंग्याची बारीक टिकटिक थांबेपर्यंत दारात उभ्या राहिल्या, कुलूप लावले. काळ्या पर्समधला मोबाइल बंद केला.

त्या परतल्या तेव्हा सव्वा वाजला होता. गराजचे दार गुडघ्याएवढे वर उचललेले होते आणि त्याखाली गाडीचा जॅक तसाच होता.

माझोंडी आत गेल्या, दिवा लावला. शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी त्यांनी यादी काढली. मक्याचे पीठ अठरा पोती, आहे. गव्हाचे पीठ, आहे. साखर, घेवडा, चहा, आहे. तांदूळ नाही. पाच लिटरचे तेलाचे अठरा डबे नाहीत. साबणाची पूड नाही. माशांचे डबे, अठरा डझन, नाहीत. हातोहात विकले जाईल ते नेले होते, बाकीचे ठेवले होते. दुकानाच्या पावतीवरून त्यांनी तिथेच उभ्याने बेरीज केली. सहा हजार सहाशे नव्वद रँड साठ सेंट. माणशी तीनशे एकाहत्तर रँड सत्तर सेंट.

बेरीज झाल्यावर त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. त्यांना इम्बालीची ती बाई आठवत होती. तिचे नाव त्यांना माहीत नव्हते. कोणी घेतच नसे.

म्हातारे न्गुबाने रस्ता ओलांडून आले. "भोंगा वाजला होता, नोंडाबा. नेहमीसारखा. मग पांढरा पिकअप दिसला, डगलेवाले दोघे होते. कालचेच दुकानवाले म्हटलं. मी हात केला, त्यांनीही केला."

तासाभरात मूनसामी आले. त्यांनी आधी पाचही डोळे तपासले, चुंबके तपासली, पेटीतली नोंद वाचली. नऊ वाजून बारा मिनिटांनी गराजच्या डोळ्याने पाहिले, भोंगा वाजला, रेडिओने बातमी दिली. गाडी दोन मिनिटांत निघाली. यंत्राने आपले काम चोख केले होते. मग नऊ सोळाला गाडी परत बोलावली गेली.

"का?" माझोंडींनी विचारले.

मूनसामींनी खिशातून मोबाइल काढला. त्यावर कंट्रोल रूमचे संभाषण होते. "मा, हे ऐका. आणि मला सांगा, हा कोण."

आधी फोनची घंटी, मागे भोंगा. मग एका मुलीचा आवाज.

"नमस्कार, कंट्रोल रूममधून नोक्वांडा बोलतेय. तुमच्या घरून अलार्मची बातमी आलीय. कोण बोलतंय?"

"नमस्कार, बेटा." पुरुषाचा आवाज, सावकाश, पन्नाशीचा असावा. "बरं झालं फोन केलास. मी तिचा भाऊ, गावाहून आलोय. बहीण म्बाथा सरांच्या मयतीला गेलीय. दार उघडलं आणि हे बोंबलायला लागलं. माझे कान गेले."

"बंद करायचे आकडे आहेत का, बाबा?"

"मला कुठली देतेय ती! लहानपणापासून मला काही सांगत नाही."

"मग खुणेचा शब्द सांगावा लागेल."

"शब्द?" थोडी शांतता. "अगं पोरी, झोंडी आहे मी. नोंडाबा. गागाशे. लुका. बहिणीच्या घरात उभ्या भावाला शब्द विचारतेस?"

यानंतर तीन सेकंद फक्त भोंगा ऐकू येत होता.

"ठीक आहे, बाबा. भोंगा चार मिनिटांत आपोआप थांबेल. धन्यवाद, नोंडाबा."

"सुखी राहा, बेटा."

माझोंडींनी पुन्हा लावायला सांगितले. मूनसामींनी लावले. दुसऱ्यांदा ऐकताना त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.

"कोण आहे, मा?"

"कोणी नाही. मला भाऊच नाही. कुळाची नावं मात्र क्रमाने घेतली त्याने. माझ्या भाच्यांना पहिल्याच्या पुढे येत नाहीत."

"म्हणजे नोंडाबा हे..."

"आम्हा सगळ्या झोंडींना तेच म्हणतात. रस्त्यावर सगळे मला तेच म्हणतात."

मूनसामींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हटलं होतं, नाव नको."

"नाव नव्हतंच ते. माझं नाव बाजाबुलिले."

चोराला शब्द माहीत नव्हता. त्याने फक्त शब्द विचारल्यावर झोंडींचा कोणीही भाऊ जे म्हणाला असता, ते म्हटले होते.

"त्या मुलीला मी आज घरी बसवलंय," मूनसामी म्हणाले.

"तिला कामावर बोलवा. तिने विचारायचं ते विचारलं, ऐकायचं ते ऐकलं. शब्द माझा होता." मग त्या उठल्या. "उद्या दोन वाजता वाटप आहे. तुम्ही यायचं आणि हे सगळ्यांना ऐकवायचं."

"मा, हे बाहेर ऐकवणं कंपनीच्या नियमात बसत नाही."

"मिस्टर मूनसामी, माझ्याकडे सतरा बायका येणार आहेत. माल नाही, हे मी सांगेन. माल कुठे गेला, हे माझ्या तोंडून ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू पण नये. पावती लागते."

मूनसामी रविवारी दोनला पाच मिनिटे कमी असताना आले.

सतरा बायका गराजमध्ये पोत्यांवर, खोक्यांवर बसल्या होत्या. बातमी सगळ्यांना कळलेली होती, पण कोणी ती काढली नाही. माझोंडी उभ्या राहिल्या. काय आले, काय उरले, काय गेले, किती रँडचे, त्यांनी यादीवरून वाचले. खुणेचा शब्द कोणता होता तेही सांगितले.

"हा शब्द आणखी कोणाला माहीत होता?" माचेलेंनी विचारले. आवाज सरळ होता, पण त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"तुम्हा सगळ्यांना," माझोंडी म्हणाल्या. "शब्द आहे म्हणून नव्हे. पण माहीत होता."

कोणी हसले नाही. मूनसामींनी मोबाइल डोक्याच्या वर धरला आणि आवाज पूर्ण मोठा केला. भोंगा वाजला. मुलगी बोलली. माणूस बोलला. "नोंडाबा. गागाशे. लुका." तीन सेकंद गेले. "सुखी राहा, बेटा."

माझोंडी हातातल्या यादीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"अगं बाई," मागुमेडे म्हणाल्या. "काय गोड बोलतो मेला! माझा जावई चौदा वर्षांत माझ्याशी असं बोलला नाही."

"पत्ता घेऊन ठेव," कोणीतरी मागून म्हणाले.

"पत्ता काय करायचाय? तुझं तेल आहे त्याच्याकडे."

मग मात्र सगळ्या हसल्या. माचेले गुडघा धरून हसल्या. म्हाताऱ्या न्गुबानेंनी चोरांना हात केल्याची गोष्टही तेव्हाच निघाली आणि त्यावर आणखी हसणे झाले. माझोंडी हसल्या नाहीत. त्यांनी वही टेबलावर ठेवली.

"खजिनदार दुसरी नेमा. वही इथे आहे."

"कोणाला नेमू?" मागुमेडे म्हणाल्या. "ही माचेले? हिला स्वतःचा चष्मा सापडत नाही. वही उचल आणि वाटप सुरू कर. मला घरी जाऊन पडायचंय."

वही त्यांच्याकडेच राहिली. वाटप सुरू करण्याआधी त्यांनी जाहीर केले की प्रत्येकीचे तीनशे एकाहत्तर रँड सत्तर सेंट त्या स्वतः भरून देतील. नको नको म्हणणाऱ्या होत्या. गप्प राहिलेल्या जास्त होत्या. माझोंडींनी दोन्हींची नोंद घेतली नाही. स्वतःचा वाटा सोडून सतरा जणींचे सहा हजार तीनशे अठरा रँड नव्वद सेंट होत होते. कंपनीने तीन महिन्यांची फी माफ केली, ते सातशे ऐंशी त्यांनी त्यातच धरले. उरलेले निवृत्तिवेतनातून. महिन्याला दोघींचे पैसे, नावाच्या अक्षरक्रमाने, पाकिटात घालून, पाकिटावर रक्कम लिहून, आणि घेणारीची सही वहीत.

खुणेचा शब्द सोमवारीच बदलला. मूनसामींनी फॉर्म पुढे केला आणि त्या लिहीत असताना तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले. नवा शब्द आज कंट्रोल रूम सोडून कोणाला माहीत नाही. मुलींनाही नाही. पहिला फोन नंबर आता मोबाइलचा आहे, आणि मयतीला तो चालू असतो. प्रार्थनेच्या वेळी तो वाजला तर वाजू द्यायचा, असे त्यांनी पाद्रीबाबांना सांगून ठेवले आहे.

पुढच्या नोव्हेंबरात सामान आले तेव्हा गराजमध्ये चार खुर्च्या, चार कांबळी आणि थर्मास परत आले. माणसे बसली की डोळा ओरडतो, म्हणून गराजचा डोळा त्या तीन दिवसांपुरता बंद ठेवावा लागला. ज्यांच्यासाठी तीन हजार सहाशे मंजूर झाले होते तेच तीन दिवस अलार्म गराजपुरता झोपलेला असतो. ही गोष्ट मागुमेडेंनी बैठकीत काढली. पण खुर्च्या काढायला कोणी तयार नव्हते. माचेले गुडघ्यांसकट पहिल्या पाळीला आल्या. एक काडेपेटीसुद्धा गेली नाही.

सोळा जणींच्या सह्या वहीत झाल्या. सतरावी मागुमेडे. त्यांचे पाकीट त्यांच्या पाळीच्या महिन्यात घरी पोचले आणि त्याच संध्याकाळी परत आले. माझोंडी ते पुन्हा घेऊन गेल्या.

"घे गं. वही बंद करायचीय मला."

"घेते की. पण आधी नवा शब्द सांग."

"सांगणार नाही."

"मग मीही घेणार नाही. अगं, एका शब्दापायी मी माशांशिवाय नाताळ काढला. दुसरा शब्द कळायचा हक्क आहे माझा."

"मागुमेडे, तुला सांगितला तर दुपारपर्यंत पाववाल्याला कळेल."

"दुपार कशाला? रस्त्यातच भेटेल तो." मागुमेडे चहाचे कप घेऊन आल्या. "पहिलं अक्षर तरी सांग."

माझोंडींनी चहा घेतला, अक्षर सांगितले नाही. पाकीट पर्समध्ये परत ठेवले. त्यानंतर ते आणखी दोनदा नेले, दोनदा परत आणले. मागुमेडे मधूनमधून चर्चच्या दारात अंदाज सांगतात, एखाद्या फळाचे नाव, एखाद्या गावाचे. माझोंडी मान हलवतात.

मागुमेडेंचे तीनशे एकाहत्तर रँड सत्तर सेंट अजून देणे आहे.